ब्रुकलिनच्या पुलावर कोण रांगलं

हे मी बायकोला सांगितलं नाही. पोरांना नाही, देवळात उभा राहून देवालाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही बाळकुमचे नाही आणि मला ओळखत नाही. चौथी नापास माणसाचं लिखाण आहे, चुका निघतील. काढा. पण मधे थांबवू नका.

सन पन्नासच्या पुढची गोष्ट. आमच्या बाळकुमातून मी आणि जोमा, दोघं मालबोटीवर खलाशी होतो. जोमा शेजारच्या घरातला, माझ्याबरोबर खाडीच्या चिखलात वाढलेला. तो काटकुळा, मी अंगानं थोराड. उंच डोलकाठीवर कोणाला चढवायचं म्हटलं की सारंग — म्हणजे आम्हा खलाशांचा मुकादम — माझंच नाव घ्यायचा. हे आधीच सांगून ठेवतो. मी भित्रा नव्हतो. नाहीच.

बोट न्यूयॉर्कला लागली. बंदरातून तो पूल दिसायचा — दगडाचे दोन मनोरे आणि मधे नुसत्या तारांवर लटकवलेला रस्ता. आमच्या आजोबांच्या वेळचा. सारंग म्हणाला, जगभरातून माणसं बघायला येतात, तुम्हीही जा. आता जोमाकडे एक नारळ होता. आमच्यात पाण्याला नारळ देतात, तुम्हाला ठाऊक असेल. निघताना त्याच्या आईनं दिलेला — परक्या मुलखात मोठं पाणी लागलं की मधोमध जाऊन सोड, म्हणजे ते पाणी तुला ओळखेल. जोमा म्हणाला, पुलाच्या मध्यावरून सोडू.

गाड्या खालून, आणि माणसांची वाट वर, लाकडी फळ्यांची. पहिल्या मनोऱ्यापर्यंत मीच पुढे. "चल रं, पाय उचल, नव्या नवरीवानी काय चालतंस?" हे मी म्हटलेलं. मग मनोरा मागे पडला आणि फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसलं. त्यात एक बोट चाललेली, आमच्या बोटीएवढी असेल, ती काड्यापेटीएवढी दिसली. मोठी गाडी गेली की पायाखालची फळी थरथरायची. डोलकाठीही हलते, पण ती मिठीत असते. इथे मिठी मारायची कशाला?

येतो त्यावर. येतोच आहे.

आम्हा दोघांतला एक जण खाली बसला. बसला कसला — चार पायांवर आला, फळीत नखं रोवली, आणि पुढेही जाईना, मागेही जाईना. टोपीवाले गोरे वळसा घालून जात होते. एका बाईनं आपल्या कुत्र्याची साखळी आखडून धरली. मग दुसऱ्यानं नारळ बाजूला ठेवला, डोक्याचा रुमाल सोडला आणि पहिल्याचे डोळे बांधले — बुजलेला बैल होडीत चढवताना बांधतात तसे — आणि हाताला धरून त्याला जमिनीवर आणला. नारळ वर फळीवरच राहिला. बोट लगेच सुटायची होती. परत जाणं झालं नाही.

गावात येऊन मी सांगितलं, रांगला तो जोमा. डोळे बांधून त्याला आणलं ते मी.

उलटं होतं. रांगलो तो मी.

जोमाच्या ओटीवर गाव जमलेलं. त्याच्या आईनं पहिलं हेच विचारलं, "दिलास ना रं नारल?" जोमानं तोंड उघडलं. पण ओटीवर कोलशेतचे तात्या बसले होते. त्यांच्या लेकीला, येसूला, आम्हा दोघांपैकी कोण नवरा बरा, ते बघायला आलेले. मी आधी बोललो. नुसता बोललो नाही, रांगून दाखवलं. ओटी हसून लोळली. जोमानं माझ्याकडे बघितलं, आणि मग तोही हसला. आई तेवढी हसली नाही. "पान्याचा नारल ऱ्हायला, आता पानी तुला सोडाचा नाय," म्हणाली, आणि त्याला पुन्हा बोटीवर जाऊ दिलं नाही. तो जन्मभर मिठागरात राबला. येसू माझ्या घरी आली.

त्याचं नाव पडलं जोमा चारपायी. शिमग्याला पोरं त्याच्या अंगणात रांगत जायची. माझी येसू तोंडाची फटकळ, हळदीच्या पंगतीत वाढताना विचारायची, "काय भावजी, बसून जेवताव का रांगून?" तो म्हणायचा, "वाढा आधी वहिनी, तुमचा भातच रांगत येतंय." पंगत हसायची. मीही.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतंस. कधी? सांगून येसू परत देता आली असती? मी तिला चांगलं नांदवलं, विचारा कोणालाही. आणि भ्यालो ह्याची मला लाज नाही. आज नेलंत तर आजही त्या फळीवर रांगेन, तुमच्यादेखत रांगेन. लाज आहे ती वेगळ्याच गोष्टीची. जोमा गप्प का राहिला, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

मागच्या साली तो अंथरुणाला खिळला. मी बघायला गेलो. येसू जाऊन वर्षं झालेली, तात्या नाहीत, त्याची आई नाही. खरं सांगायला अडवणारं कोण होतं? त्याची नवी नातसून, कल्याणची, चहा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "आजोबा, तुम्ही खरंच अमेरिकेत रांगलेलात? आमच्या कल्याणपर्यंत आलीय गोष्ट."

जोमानं माझ्याकडे बघितलं, आणि थांबला. माझ्यासाठी थांबला — एवढं मला कळतं, मी अडाणी असलो तरी. मी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. तो अजून थांबलेला.

मग म्हणाला, "हां गो पोरी. रांगलो."

त्याच आठवड्यात तो गेला. आणि मी त्या दिवशी काय केलं, तेही लिहितो. बशी संपवली, आणि त्या पोरीकडे अजून अर्धा कप मागितला.