दगडोबाने दाखवलेली जागा

हार्वेस्टर शेतात घालण्याआधी एक माणूस उभ्या गव्हातून चालतो. स्प्रिंकलरचा विसरलेला पाइप, डुकरासाठी लावलेला तारेचा फास, मातीतून डोकं काढलेला दगड, जे दिसेल ते त्याने उचलायचं. उचलता येत नसेल तर काठी रोवून तिला लाल फडकं बांधायचं. वर बसलेला ड्रायव्हर फडकं बघून मशीन वळवतो. प्रेमदासच्या मशीनपुढे चार हंगाम हे काम दगडोबा करत होता.

वय अठ्ठावन्न. आधी मेंढरं होती. चरायची रानं हळदीखाली गेली, तेव्हा कळप विकला. दीडशे मेंढरांतली प्रत्येक त्याला लांबून ओळखू यायची, म्हणून प्रेमदासने त्याला घेतलं. मशीनवर तिघंच: ड्रायव्हर प्रेमदास, ट्रॅक्टर-ट्रॉलीवर जगन आणि पुढे दगडोबा. मार्च लागला की कळमनुरीपासून कयाधूच्या काठाने गाव-गाव करत निघायचं. दव वाळेपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, गहू कापता येत नाही. तेवढ्या वेळात फोन वाजत राहतात आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, आधी माझं. दहानंतर धूळ. गव्हाची कुसळं मानेत, कानात, चड्डीत. अंघोळ हंगाम संपल्यावर.

यंदा दगडोबाच्या डाव्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं आणि उजव्याला धुरकट. मोतीबिंदू आहे हे त्याला दिवाळीतच कळलं होतं. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हटलं, पण नंतर महिनाभर धुळीत जायचं नाही असंही सांगितलं. ऑपरेशनच्या भीतीने तो पुढच्या तारखा मागत राहिला. शेवटची तारीख हंगामात आली. एक हंगाम चुकवला तर आपल्या जागी दुसरा येईल आणि आलेला जाणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. या वयात दुसरं काम कोणी देत नव्हतं. तो शिबिराला गेला नाही. चपला काढून चालायला लागला. पायाला लागेल ते खरं. पाय जातील तेवढंच शेत बघितलं जात होतं, बाकीचं तो अंदाजाने साफ म्हणून सांगत होता.

मार्चच्या शेवटी ते शिवहारच्या शेतात गेले. शिवहार आणि त्याच्या मयत धाकट्या भावाची बायको चंद्रभागाबाई यांची शेतं लागून. मधला धुरा, म्हणजे बांध, दोन्हीकडून नांगराने कोरत कोरत संपला होता. उरले होते फक्त तीन दगड, दोन टोकांना दोन आणि मध्ये एक. मधला दगड सरळ रेघेत नव्हता. तिथे चंद्रभागाबाईचं शेत शिवहारच्या बाजूला पोट काढून गेलं होतं. पेरणी एकाच ट्रॅक्टरने, एकाच दिवशी, दोन्ही शेतांतून आडवी झालेली, त्यामुळे दुसरी खूण नव्हती.

दगडोबाने टोकांच्या दोन दगडांना फडकी बांधली.

"मधी काई?" प्रेमदासने वरून विचारलं.

"साफ हाय."

प्रेमदासने दोन फडक्यांची रेघ उजव्या हाताला धरून शिवहारची शेवटची पट्टी घेतली. निम्म्यावर खाडकन आवाज आला. मशीन दगडाला ओढत चारपाच हात पुढे गेलं आणि थांबलं. मागे घेताना चाक त्याच जागेवरून फिरलं. भेगाळलेली काळी माती भुगा होऊन पडली. दगड कुठून उखडला ते सांगता येईना.

जगन ट्रॅक्टरवरून उतरला. "मामा, नाव दगडोबा आन् दगडच दिसंना? घरच्या माणसाला वळखलं न्हाई व्हय?"

शेताच्या कडेवरून शिवहार आला, त्याच्या मागून चंद्रभागाबाई. शिवहार सरळ जाऊन दोन फडक्यांच्या रेघेत उभा राहिला.

"इथंच होता दगड."

"तिथं न्हाई, दादा," चंद्रभागाबाई म्हणाली. "त्या अंगाला, आठ-नऊ फूट. माझ्या शेताचं पोट हाय तिथं."

"मोजणी आण मंग."

"मोजणी कवा यायची? तवर तुमी नांगरून घ्याल."

"आपून दोघं भांडून काय उपेग?" शिवहार म्हणाला. "ह्यो माणूस परका हाय, मशीनच्या पुढं चालला हाय. त्याला इचारा. मामा, दगड इथंच होता ना?"

दगडोबा दोघांकडे न बघता उभा होता. चंद्रभागाबाई त्याच्या समोर आली.

"भाऊ, तुमी डोळ्यानं बघितला का?"

"व्हय."

"मंग फडकं काहून बांधलं न्हाई?"

"रेघेतच होता. वाटलं, दिसंल."

"कुठं होता?"

त्याने काठीने शिवहारच्या पायाकडे दाखवलं. शिवहारने लगेच गड्याला हाक मारून पहार आणायला सांगितलं. दगड तिथे रोवला गेला. चंद्रभागाबाई आणखी काही बोलली नाही. तिचा गहू अजून उभा होता आणि मशीन शिवहारने बोलावलेलं होतं.

प्रेमदास मशीनच्या पुढच्या कटरमध्ये अडकलेला गहू उपसत बसला होता. शिवहार लांब गेल्यावर त्याने दगडोबाला बोलावलं.

"मामा, हात लावून बघा. दाते कुठले मोडल्यात?"

दगडोबाने लोखंडावरून हात फिरवला. फडक्यांच्या रेघेकडचे, म्हणजे उजवीकडचे, सगळे दाते शाबूत होते. डाव्या टोकाचे तीन मोडले होते.

"डावीकडचे."

"तुमी दगड दाखवला उजवीकडं."

दगडोबाने लोखंडावरचा हात काढून घेतला.

"कवापासून दिसंना?"

"दिवाळीपासून."

"उद्यापासून जगन पुढं चालंल. तुमी ट्रॉलीत थांबा, गहू पसरा. हंगाम झाला की बघू."

"तुला दाते दिसले व्हते," दगडोबा म्हणाला. "तिच्यासमोर काहून बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर शिवहारनं मशीन हलू दिलं असतं का? पुढं आठ शेतं थांबल्यात." प्रेमदासने पाना उचलला. "आन् इचारलं तुमाला व्हतं."

दाते बदलायला दीड तास गेला. शिवहारची उरलेली पट्टी संपवली, मग चंद्रभागाबाईचा गहू कापला, नव्या दगडापर्यंतचा. पोटातला गहू आधीच शिवहारच्या पट्टीबरोबर त्याच्या ट्रॉलीत गेला होता. तिची ट्रॉली भरताना दगडोबा आत उभा राहून पायाने गहू पसरत होता. ती कडेला येऊन थांबली. दाणा हातात घेऊन दाताखाली फोडला, वाळला आहे का ते बघितलं.

ट्रॉली गावाकडे निघाली तेव्हा ती सांडलेल्या ओंब्या वेचत होती. नव्या दगडापाशी पोचल्यावर ती वळली आणि पलीकडच्या, पोटातल्या ओंब्या तशाच ठेवून दुसरी ओळ धरली.