मास्तर यंत्रात ओरडले

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांना तलावावर सगळे 'पोलाद' म्हणत, आणि मास्तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. पाण्यात उतरायला रडणाऱ्या पोरांना ते दरडावायचे, "दुखणंबिखणं सगळे मनाचे खेळ!" घरी हेच बायकोच्या वाट्याला यायचं. अर्धशिशी उठली की ती बिचारी पडदे ओढून भिंतीकडे तोंड करून पडायची. दारातून मास्तर विचारायचे, "झालं का नाटक सुरू?"

एका इस्पितळात अर्धशिशीवर संशोधन चाललं होतं. दुखताना मेंदूत काय घडतं, ते एमआरआयमधून बघायचं होतं. बायकोनं नाव दिलं. तुलनेला धडधाकट माणसंही हवी होती, तेव्हा मास्तर छाती काढून पुढे झाले.

संशोधक बाईंनी समजावलं: हातावर बांधलेली पट्टी हळूहळू तापणार, किती दुखतंय ते बटण दाबून सांगायचं, आणि अगदीच नकोसं झालं तर रबरी फुगा दाबायचा.

"फुगा ठेवा तुमच्याकडेच," मास्तर हसले. तरी बाईंनी तो त्यांच्या मुठीत दिलाच.

आधी बायको गेली आणि सगळं पुरं करून आली. मग मास्तर. डोकं जखडलेलं, कानाशी ठकठक. पट्टी तापली मात्र, त्यांनी फुगा दाबला, आणि वर ओरडलेही, "काढा! मला बाहेर काढा!" काचेपलीकडे बायको बसली होती.

"होतं असं," संशोधक बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचं दुखणं वेगळं."

मास्तरांना मान वर करवेना.

घरी जेवताना मुलीनं विचारलं, "कसं झालं, बाबा?"

"यंत्रच बिघडलं."

"हो, मधेच बंद पडलं," बायको शांतपणे म्हणाली.

तिनं टोमणा मारला असता तर परवडलं असतं. तिनं सांभाळून घेतलं, आणि मास्तर अर्ध्या ताटावरून उठले.

पुढच्या खेपेला तिचं डोकं उठलं. मास्तर दाराशी आले. पावलं ऐकूनच ती घाईनं म्हणाली, "नाटक नाही हो, खरंच दुखतंय."

मास्तर जागीच मेल्यासारखे झाले. इतकी वर्षं ही आपल्याला पुरावा देत आली! ते खाली बसले आणि बाहेर असलेल्या मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "यंत्र बिघडलं नव्हतं गं. मीच ओरडलो. तुझी आई नाही ओरडली."

"अहो," बायको डोळे न उघडता म्हणाली, "हळू बोला."