न बसणारं शटल

आमच्या रहिमतपुरात शिलाई मशिनी दुरुस्त करणारा एक माणूस आहे. कुठलाही भाग हातात घेतला की आधी कपाळाला लावतो, मग त्यावर फुंकर मारतो. ‘बसत नाही’ असं तो कधी म्हणत नाही. “बसतंय की वहिनी, का न्हाई बसणार?” म्हणतो आणि कानस चालवतो.

माझी मशीन जुन्या घडणीची. सुईखाली दोरा फिरवणारं शटल झिजलं, तसं त्यानं सांगलीहून नवं आणलं. नव्या शटलात खालच्या दोऱ्याची जुनी बॉबीन हलायला लागली. नवी बॉबीन आणली तर ती तिच्या जुन्या डबीत जाईना. डबी बदलली तर सुई तिच्यावर आपटून मोडली. घासून घासून माझे जुने भागही वाया गेले. लग्नसराईची पोलकी कापून पडली होती आणि बायका रोज दारात येत होत्या.

“उद्या करतो,” एवढंच बोलून तो गेला. दुसऱ्या दिवशी आला, गुमान सगळं बसवलं, आणि मशीन सुरेख चालली.

परवा त्याची बायको पोलक्याचं कापड घेऊन आली.

“आवं, तुमीबी लोकांचं शिवता, घरात मशीन हाय की,” मी म्हटलं.

“हाय, पर बंद. तिचं शटल, डबी समदं तुमच्यात घातलंय. जुन्याला जुनंच लागतं म्हनं. तुमास्नी बोलले न्हाईत व्हय?”

या महिन्यात माझ्याकडे नव्या बायका यायला लागल्या, त्याचा मला अभिमान वाटत होता. त्या तिच्याकडच्या होत्या. मी टेप घेतली आणि तिच्या तोंडाकडे न बघता माप घेतलं.