चालू लाइन

आमच्या नळवाल्या काकांचा एकच नियम : चालू लाइनला पाना लावायचा नाही. गळेल तेव्हा बघू. भिंतीला कान लावून ते पाण्याची वाट सांगत. चाळीस वर्षं अशीच गेली, त्याचा त्यांना ताठा होता, आणि तो त्यांना शोभत होता.

नात जन्मली ती ओठांवर निळसर झाक घेऊन. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जागी जोडल्या गेल्या होत्या. मधल्या पडद्याला भोक होतं, तिथून चांगलं-वाईट रक्त मिसळत होतं, म्हणून पोर तगली होती.

"म्हणजे गरम-थंडाची अदलाबदल," काका म्हणाले. "आमचं रोजचंच."

"रोजचं नाही, काका. हजारो मुलांत एखादं. तीन आठवड्यांच्या आत जोडणी बदलायला हवी."

जावई दूर बोटीवर कामाला. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, काय करायचं?"

"दूध पितेय ना? वजन धरतेय ना? मग चालू लाइन आहे ती. जरा जून होऊ दे. कोवळ्या पाइपावर आटे पडत नाहीत."

लेक हसली. बापाच्या हातावर तिचा भरवसा होता.

दहाव्या आठवड्यात पोरीने दूध सोडलं, धाप लागली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "डावा कप्पा इतके दिवस फुप्फुसांपुरतं हलकं काम करत होता, काका. सैल पडलाय. आधी त्याला ताकद आणायची, मग जोडणी."

एकाच्या जागी दोन शस्त्रक्रिया झाल्या. जोडणी नामी बसली. पण दोन्हींच्या मधल्या दिवसांत रक्ताची गुठळी मेंदूत गेली.

नात आता पाच वर्षांची आहे. ओठ गुलाबी, उजवा पाय फरपटतो. लेक बापाला "बसा" म्हणते, त्यापुढे शब्द नाही.

परवा तिच्याकडे नळाचं काम निघाल्याचं कानावर आलं, तसे काका पान्यांची पिशवी घेऊन गेले. ओट्याखाली दुसराच नळवाला वाकलेला, नात त्याला वायसर देत बसलेली.

"मला सांगायचंस की गं. कधीपासून गळतोय?"

"गळत नव्हता," लेक म्हणाली. "आवाज बदलला होता. लगेच बोलावलं."

मग तिने चहा टाकला. दोन्ही नळवाल्यांना.