टीचरनी भाव केला नाही

नाताळ जवळ आला की मला राग येतो. तसा मला कशाचाही येतो, भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत. पण ते राग रात्रीच्या जेवणापर्यंत विरतात. हा मुरलेला आहे, लोणच्यासारखा.

डिसेंबरात भायंदरच्या केबिन रोडवर एकदा चालून बघा. मोबाइलच्या दुकानाबाहेर एक सांताक्लॉज उभा असतो. लाल डगला, कापसाची दाढी, आत घामाने निथळणारा काटकुळा इसम. पोटाला बांधलेली उशी दुपारपर्यंत गुडघ्यावर येते आणि तो ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने स्क्रीनगार्डचे कागद वाटतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकच ख्रिश्चन कुटुंब आहे, आणि ते नाताळला गावी जातं. मागे आम्ही पन्नास घरं खाली पार्किंगमध्ये केक अंड्याचा की बिनअंड्याचा यावर भांडत असतो. ज्यांचा सण, ते दाराला कुलूप लावून गेलेले.

आता गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं म्हणाल, तर माझाही जन्म रत्नागिरीत गोठ्याला लागून असलेल्या खोलीतलाच. मला बघायला कुठले राजे आले नाहीत. आत्या आली, मुलगी म्हटल्यावर चहा पिऊन परत गेली.

पण नाताळ नको, असंही मी म्हणू शकत नाही. माझा धंदा कंदिलांचा. लग्न होऊन भायंदरला आले तेव्हा खोलीत बसून घोटीव कागद कापायचे. मग फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसले. महापालिकेची गाडी आली की सगळं गुंडाळून पळायचे. आता दुकान आहे. कपाटाएवढं आहे, पण शटर माझं आहे. दिवाळी संपली की उरलेला कंदील म्हणजे छातीवर धोंडा. आणि तेव्हा नाताळ येतो. दिवाळीत ज्याला कंदील म्हणतात, त्यालाच डिसेंबरात तारा म्हणतात. पाच टोकांना धर्म नसतो. भाव मात्र असतो.

माझं दुखणं या भावाशीच आहे.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवाळीत तेरा तारे उरले. घडीचे, लाल-पिवळे, चांगले मोठे. अडचण एकच होती, प्रत्येकाच्या पोटावर काळ्या अक्षरांत ‘शुभ दीपावली’ छापलेलं. मी दुपारी गल्ल्यावर बसून त्या अक्षरांवर लाल घोटीव कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, वर रुपेरी टिकल्या लावल्या. दुरून बघितले, जवळून बघितले. कुणाचा बाप ओळखणार नाही असे झाले होते.

नाताळच्या दोन दिवस आधी एक बाई आल्या. साठी उलटलेली, फुलाफुलांचा फ्रॉक, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, आता इंग्लिश ऐकावं लागणार. मी मनातल्या मनात ‘फिक्स प्राइस’ची उजळणी केली. तर बाई म्हणाल्या, “बाय, आळीत लावायला बारा तारे पायजेत. हाय का?”

घोडबंदरच्या बाजूच्या गावातल्या होत्या. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मी त्यांना टीचर म्हणायला लागले, अजून तेच म्हणते. त्यांचं मराठी ऐकून मी इतकी खूश झाले की भाव जरा जास्तच सांगितला.

“साडेतीनशेला एक.”

इथे एक गोष्ट समजून घ्या. मी साडेतीनशे म्हणते तेव्हा साडेतीनशे म्हणत नसते. मी म्हणत असते, या, बसा, सुरुवात करू. समोरच्याने दीडशे म्हणायचं. मी कपाळाला हात लावायचा. त्याने चालू लागायचं. मी चार पावलं जाऊ द्यायची आणि पाचव्याला हाक मारायची. पावणेदोनशेला सौदा होतो, त्याला वाटतं त्याने मला लुटलं, मला वाटतं मी त्याला, आणि दोघं समाधानाने घरी जातो. याला फसवणूक म्हणत नाहीत. तीस वर्षं धंदा करतेय, पण कुणी मला लबाड म्हटलेलं नाही. भांडखोर म्हटलंय. ते मी नाकारत नाही.

टीचरनी पिशवीतून पाकीट काढलं आणि मोजायला लागल्या.

“अहो टीचर,” मी म्हटलं, “भाव तरी करा.”

“कशाला? तू सांगितलास ना?”

“सांगितला. पण कमी करायला सांगा ना थोडा.”

“मना न्हाय जमत ते,” टीचर म्हणाल्या, बाराच्या बारा ताऱ्यांचे पैसे गल्ल्यावर ठेवले, “मेरी ख्रिसमस” म्हणाल्या आणि बरोबर आलेल्या भाच्याच्या हातात गठ्ठा देऊन निघून गेल्या.

मी त्यांना पाचव्या पावलाला हाक मारायला हवी होती. मारली नाही. कशी मारणार? जाणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ‘अहो, मी तुम्हाला दुप्पट सांगितलं’ असं ओरडायची या तोंडाला सवय नाही.

संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं. हे ऑफिसात शिपाई होते, कमी बोलतात, पण बोलतात ते नेमकं दुखऱ्या जागी.

“म्हणजे लुटलंस.”

“लुटलं काय? त्यांनी भाव केला नाही!”

“मारणाऱ्याने काठी उगारली आणि समोरचा वाकला नाही, तर चूक कुणाची?”

मी त्यांच्या पानात भात जोरात वाढला. त्या घासाघीस न करणाऱ्या बाईने तीस वर्षांचं माझं चोख नाव एका मिनिटात काळं केलं होतं. तेही पूर्ण पैसे देऊन!

चोवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक गिऱ्हाईक आलं. पट्टी लावलेला तेरावा तारा मी दुकानावर शोभेला टांगला होता, तोच त्याला हवा होता.

“जलाके दिखाओ ना, मौसी.”

मी बल्ब लावला. तारा उजळला. आणि लाल पट्टीच्या आतून, ठळक, काळ्या, सुवाच्य अक्षरांत ‘शुभ दीपावली’ उमटलं. दिवसा झाकलेलं सगळं उजेड आतून पडला की दिसतं, हे तीस वर्षं कंदील करणाऱ्या बाईला कळलं नव्हतं. वीज वाचवायला मी लावूनच बघितला नव्हता.

गिऱ्हाईक हसत गेलं. तिकडे आळीत बारा तारे टांगलेले. अंधार पडायला तासभर. ऐन नाताळच्या संध्याकाळी त्यांच्या दारात माझी दिवाळी उजळणार. मला लबाड म्हणण्याची आता लेखी सोय झाली होती, बारा वेळा.

माझ्याकडे दुसरे तारे नव्हते. समोरच्या शेठकडे होते. हा गुजराती शेठ आणि मी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवण्यात अर्धं आयुष्य घालवलंय. मी रस्ता ओलांडून गेले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि त्याला सगळं समजलं.

“बारा तारे. बोला, काय घेणार?”

“अढाईसो. फिक्स रेट छे, बेन.”

“शेठ, दीडशेचा माल आहे.”

“लेकिन मेरा माल तो खराब होता है ना, बेन? आप ही सबको बोलती हो.”

मी चालू लागले. चार पावलं गेले. पाचवं टाकलं. सहावं टाकलं. शेठने हाक मारली नाही. मागे वळले तेव्हा तो काडीने दात कोरत होता. मी अडीचशेने घेतले. एक पैसा कमी नाही. माझ्या आयुष्यात असं प्रथमच घडलं आणि ते केबिन रोडवर दहा जणांनी बघितलं.

ह्यांना घेऊन रिक्षा केली. हायवेला ट्रकमागे ट्रक. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि आळी लागली होती. लागली म्हणजे काय सांगू! क्रुसापासून खाडीकडच्या टोकापर्यंत, दारादारावर, बारा वेळा ‘शुभ दीपावली’. खाली खुर्च्या टाकून माणसं बसलेली. एक म्हातारे काका मला बघून म्हणाले, “या बाय, या! दिवाळीला आल्या काय?” आणि सगळी आळी हसली.

टीचर ओट्यावर बसल्या होत्या. मी गाडी, माणूस, देव, कुणाशीही बोलताना आधी हल्ला करते. तीच सवय आड आली.

“टीचर, आधी मला सांगा, तुम्ही बल्ब केवढा लावलात? एवढा मोठा बल्ब लावल्यावर काय नाही दिसणार!”

ह्यांनी कपाळाला हात लावला.

टीचरनी शांतपणे वर बघितलं. “वाचलं मी. शुद्धलेखन बरोबर हाय.”

“हे घ्या नवीन बारा. आत्ता बदलून देते. पैसे नकोत.”

“न्हाय बदलायचे,” काका मध्येच म्हणाले. “खालच्या आळीवाले बघायला येतात. त्यांचे सगळे सेम टू सेम, ऑनलाइनवाले. आमच्यासारखे कोणाकडे हायत?”

खरंच चार-पाच जण मोबाइल वर करून फोटो काढत होते. माझा अपमान बघायला रांग लागली होती आणि ती खूश होती.

एक गोष्ट सांगून झाली होती. दुसरी राहिली होती, भावाची. खरं तर तिच्यासाठीच मी आले होते. तारे बदलून द्यायला ह्यांना एकट्याला पाठवता आलं असतं. मी तोंड उघडलं, आणि टीचरनी समोर ताट धरलं. तळलेले गोड कुलकुल आणि नेवऱ्या. नेवऱ्या म्हणजे आमच्याच करंज्या, पण सारण आमच्यापेक्षा बरं होतं, हे लिहिताना मला त्रास होतोय. मी एक खाल्ली. मग दुसरी खाल्ली.

परतीच्या रिक्षात हे म्हणाले, “सांगितलंस?”

“तोंडात नेवरी होती.”

“दोन होत्या,” हे म्हणाले. मांडीवर शेठचे बारा तारे. ते वर्षभर माळ्यावर पडून राहिले. शेठचा माल दिवाळीत माझ्या दुकानावर लावायला माझा हात धजेना.

पुढच्या डिसेंबरात टीचर आल्या. मी लांबूनच फ्रॉक ओळखला आणि गल्ल्याखाली काहीतरी शोधायला लागले.

“बाय, बारा दे, मागचे फाटले. पण दिवाळीवालेच. आळीवाले म्हणतात, साधे लावले तर वर्गणी देणार न्हाय.”

त्या दिवाळीत माझा एकही कंदील उरला नव्हता. माळ्यावर होते ते शेठचे बारा, कोरे. मी म्हटलं, अक्षरं लावून देते. मग भाव सांगायची वेळ आली. मी दुकानाच्या छताकडे बघत म्हटलं, “पावणेदोनशे.”

टीचर म्हणाल्या, “मागच्या वर्षी साडेतीनशे होते.”

“हो.”

“मग?”

“मग काय मग!” माझा आवाज चढला. शेजारचा पानवाला बाहेर आला. “भाव करायचा असतो, टीचर! मी दुप्पट सांगायचं, तुम्ही अर्धं म्हणायचं! तुम्ही म्हटलंच नाही! वर्षभर माझ्या डोक्यावर बसलात! दुप्पट घेतले तुमच्याकडून, झालं समाधान?”

“ठाऊक होतं मना,” टीचर म्हणाल्या. “आधी समोरच्या शेठकडे विचारून आले होते.”

“मग दिलेत कशाला?”

“पस्तीस वर्षं शिकवलं, बाय. पेपर दिले की पोरं रांग लावायची. टीचर, अर्धा मार्क द्या. टीचर, पाव द्या. मग त्यांच्या आया. रिटायर झाले त्या दिवशी ठरवलं, आता कोणाशी घासायचं न्हाय. पेपर तुझा, चूक तुझी. तूच तपास.”

मी वर्षभर तपासत होते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

“पण तू लई तळमळतेस,” टीचर म्हणाल्या, आणि पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसल्या. “चल. करते भाव. शंभर.”

“शंभर?” मी कपाळाला हात लावला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! “कागद तरी येतो का शंभरात? एकशे सत्तर.”

“शंभर.”

“एकशे साठ, शेवटचे. माझी मेहनत बघा.”

टीचर उठल्या, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. मी चार पावलं जाऊ दिली. पाचव्याला हाक मारली. त्या वळल्याच नाहीत. मला सातव्या पावलाला रस्त्यावर धावत जावं लागलं. पस्तीस वर्षं अर्ध्या मार्कासाठी कुणालाही दाद न दिलेली बाई होती ती. शंभरावर सौदा झाला. वर दोन बल्ब फुकट घेतले. शेठ समोरून टाळ्या वाजवत होता. अडीचशेला त्याच्याकडून घेतलेले तारे मी शंभरला विकताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितले.

आता माझा राग दुप्पट आहे. म्हणून म्हटलं, मुरलेला.

त्या दुपारी मी आणि हे काळ्या कागदाची अक्षरं कापत बसलो. आतल्या बाजूने चिकटवायची, म्हणजे दिवसा काही दिसणार नाही, संध्याकाळी दिवा लागला की उमटेल. ह्यांनी पहिलं ‘शुभ’ उलटं चिकटवलं आणि वर मलाच म्हणाले, बाहेरून बघितलं तर सुलट आहे. मी बाहेरून बघितलं. उलटंच होतं. पुन्हा केलं. या खेपेला मात्र बाराच्या बारा बल्ब लावून तपासले.

शेवटचा लागला होता तेव्हा एक बाई थांबल्या. “छान आहे हो. कितीला?”

“विकायचा नाही,” मी म्हटलं. “त्याचा भाव झालाय.”