गावठाणाचा रंग

संगणकाच्या पडद्यावर अंगठा टेकवायचा आणि विचारायचं, "ह्याच्याखाली कोण राहतं, सांग." आमच्या मरोळच्या ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाची परीक्षा आमचे सगळ्यात जुने सहकारी, सगळ्यांचे अंकल, अशीच घ्यायचे. पडद्यावर उपग्रहाने टिपलेलं उपनगर आणि अंगठ्याखाली शेकडो छपरं. मी म्हणालो, "इथे बसून कसं कळणार?" "मग चप्पल घाल ना!"

तुम्हाला वाटेल, केवढं अवघड काम. छे, एसीत बसून वस्त्यांचे नकाशे रंगवायचे. झोपडपट्टी लाल, जुनी घरं पिवळी, गोदामं करडी. लाल भागाला नळ आणि शौचालयं आधी मिळणार होती. रंग संगणकच भरायचा, पण आधी त्याला नमुने दाखवून शिकवावं लागायचं. ही मास्तरकी अंकलकडे. लहान छपरं, वाकड्या गल्ल्या, घराला घर चिकटलेलं, की लाल.

एका शुक्रवारी अंधेरीचा भाग रंगून आला आणि अंकल हसता हसता खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. त्यांचं स्वतःचं गावठाण, कौलारू घरं, विहीर, क्रूस, सगळं लालेलाल! "वाट लागली! माझ्याच चेल्याने मला झोपडपट्टीत टाकलं रे!" पिवळ्याचे नमुने त्यांनी सगळीकडून गोळा केले होते. रोज जिथून यायचे ती गल्ली तेवढी राहून गेली.

मग हसू ओसरलं. नकाशा मंगळवारी पालिकेकडे जायचा होता, आणि लाल शिक्का बसला की झोपडपट्टी म्हणून घरं पाडायला बिल्डर दारात उभा, हे गावठाणातलं शेंबडं पोरही सांगेल. अंकलनी घरी सांगितलं आणि बातमी फुटली. रविवारी चर्चच्या पायरीवर शेजाऱ्यांनी त्यांना फैलावर घेतलं.

सोमवारी मी म्हणालो, "अंकल, एक क्लिक. पिवळं करून टाकतो, कोणाला कळतंय?"

ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "माझं लाल तू काढशील. तिकडे मानखुर्दला कोणाचा रंग चुकला असेल, तर त्याचा कोण भाचा बसलाय इथे?"

ऑफिसच्या मॅडमकडून आठ दिवस मागून त्यांनी छत्री उचलली आणि संगणकाला जिथे खात्री नव्हती तो एकेक ठिपका पायी पाहिला. मलाही फरफटत नेलं. मानखुर्दला संगणकाने गोदाम ठरवलेल्या लांबलचक पत्र्याखाली शिरलो, तर आत पडदे बांधून संसार थाटलेले. एक बाई चपात्या लाटत होती. "पाणी संध्याकाळी आणतो आम्ही," ती ओशाळून म्हणाली, "नाहीतर चहा टाकला असता." बाहेर येऊन अंकल बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला माझ्या त्या एका क्लिकची लाज वाटली.

नकाशा उशिरा गेला, पण त्यात मानखुर्दचा तो पत्रा लाल होता आणि गावठाण पिवळं. अंकल दोन्हीकडे मिरवून आले.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. परवा नव्या छायाचित्रात त्यांच्या घरावर कौलांऐवजी निळा पत्रा दिसला आणि संगणकाने शंका काढली. घर माझ्या माहितीचं, बसल्या जागी उत्तर देता आलं असतं. तरी उठून गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

"आंटी, ऑफिसच्या कामाने आलोय," मी चाचरलो. "छप्पर बघायचं होतं."

"छप्पर तुम्हाला वरून दिसतं ना रे? मला बघायला आलोय म्हण, आणि जेवायला बस."

मी तसं म्हणालो, आणि जेवायला बसलो.