गणराजची बारा व्होल्टची डबी

गणराज भोईरने अठरा वर्षं एका कारखान्यात मीटर आणि यंत्रं सांभाळली. कारखाना बंद पडला तेव्हा दोन्ही भावांनी सांगितलं, ट्रकधंद्यात ये. भाऊ आज सुखात आहेत. हा मात्र रेवस जेट्टीच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन डबी करत बसला.

डबी म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं फुकट. जेट्टीवरच्या ई-रिक्षात चार बॅटऱ्या असतात, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. मोटर त्यावर पळते, पण हेडलाइट, भोंगा, इंडिकेटर चालतात बारावर. एकाच बॅटरीवरून दिवा ओढला तर ती बॅटरी आधी मरते आणि बाकीच्यांना घेऊन मरते. म्हणून मधे व्होल्टेज उतरवणारी डबी लागते. बाजारातली हजाराला मिळते आणि खारा वारा तिला एका पावसाळ्यात खातो. गणराजने चारशेत द्यायचं कबूल केलं, आतून राळ ओतून पक्की बंद केलेली.

स्वस्त करणं सोपं नव्हतं. जास्त व्होल्टेज सोसणारी चिप महाग. त्याने दहा रुपयांची साधी चिप घेतली, तिला डबीतून निघणाऱ्या बारा व्होल्टवरच जगवलं आणि वरचा सगळा मार बाहेरच्या ट्रान्झिस्टरवर सोपवला. चार महिने त्यात गेले. नूतन, त्याची बायको, म्हणायची की एवढ्या वेळात घर रंगवून झालं असतं. खरंच होतं ते.

अकरा रिक्षांना अकरा डब्या गेल्या. पहिली त्याने सोनूबाईच्या रिक्षात स्वतः बसवली; बाकीच्या रिक्षावाल्यांनी बघून बघून बसवल्या. तीन आठवड्यांत दहा जळाल्या.

राळ फोडून बघावं तर प्रत्येकीत कपॅसिटर फुगलेला. कपॅसिटर त्रेसष्ट व्होल्टपर्यंत सोसणारा. चार बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या तरी अठ्ठावन्नच्या वर जात नाहीत, मग फुगायचं कारण काय? गणराजने मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून डुप्लिकेट माल दिलास म्हणून नको नको ते ऐकवलं. दुसऱ्याकडून माल आणला, दहाही डब्या नव्याने केल्या. त्यातल्या पाच जळून आल्या. टेबलावर मात्र डबी दिवसदिवस चालायची, हाताला कोमटसुद्धा लागायची नाही.

रिक्षावाल्यांचा म्होरक्या धनेश. त्याने निरोप धाडला: रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सगळ्या डब्या परत घे, आम्ही बाजारातली घेतो. अंधारात दिवा नसेल तर रांगेत उभं करत नाहीत, त्यामुळे त्याचंही चूक नव्हतं. पण डब्या परत आल्या असत्या तर गणराजला कुणी साधा पंखासुद्धा दुरुस्तीला दिला नसता.

गणराज चिडला, जेवण टाकलं, आणि शेवटी जी डबी एकदाही जळाली नव्हती ती बघायला गेला. सोनूबाईची. रिक्षा हळू चालवते म्हणून तिला सगळे बैलगाडी म्हणत. तिने सीट उचलून दिली. आत सगळं जसंच्या तसं होतं.

"काकी, तुझीच का नाही जळत?"

"माझ्यात चारच हायत ना. बाकीच्यांच्यात पाच."

"पाच काय?"

"बॅटऱ्या. चढावर ओढत न्हाय म्हणून टाकल्यात सगल्यांनी. तुला म्हाईत न्हाय?"

माहीत असणार कसं? गाडी दुकानात आणली तर फेरी बुडते, म्हणून जो तो जळकी डबी तेवढी पिशवीत घालून आणायचा. आणि गणराज, जो कारखान्यात दुसऱ्याने घेतलेलं माप कधी मानत नसे, तो विचारायचा, किती व्होल्ट? ते म्हणायचे, अठ्ठेचाळीस. हा मान हलवायचा.

तो तडक जेट्टीवर गेला आणि धनेशला उठवून सीट उचलली. गोणपाटाखाली पाचवी बसलेली. मीटरने चौसष्ट दाखवले; चार्जिंगला बहात्तर होणार.

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू नको बोलला असतास, दादा."

"बोललोच असतो."

"मग?"

गणराजने रांगेतल्या रिक्षावाल्यांना मूर्ख म्हटलं, नालायक म्हटलं, पाचवी काढा म्हटलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. काढली कुणीच नाही. बोट लागली, माणसं उतरली आणि रिक्षा भरून निघून गेल्या.

शनिवारभर तो शिव्या देत बसला होता, पण हात चालू होते. ट्रान्झिस्टर दीडशे व्होल्टचा, कपॅसिटर शंभरचा. तो एवढा उंच की डबीत उभा राहीना. आडवा घालून आतली सर्किटची पट्टी नव्याने आखावी लागली. मुंबईच्या व्यापाऱ्याची फोनवर माफी मागितली, ती सगळ्यात जड गेली.

रविवारी त्याने दोन अटी घातल्या. डबी साडेचारशेला, आणि बसवणार मीच, गाडी दुकानात आणल्यावर, सीट उचलून, मीटर लावून. धनेश कुरकुरला, फेऱ्या बुडतील म्हणाला. गणराजने शटरला हात घातला. मग आणल्या गाड्या. दुपारपर्यंत दहाही झाल्या.

जाता जाता धनेशने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "सहा टाकल्या तर चालंल का रं?"

चाललं असतं. या लोकांना ओळखूनच गणराजने डबी सहा बॅटऱ्यांच्या मापाने केली होती.

"टाकून बघ," गणराज म्हणाला, "आणि डबी पिशवीतून घेऊन ये माझ्याकडे."